सोन्याचा ताईत आणि आमचे मामा

कालपासून समस्त नातेवाइकांच्या लेखी मी लॉटरीवाल्यांनी गंडवलेला माणूस आहे. मावशीचा फोनही येऊन गेला : "पैसे भरलेस का रे?"

घडलं एवढंच, की मी 'स्वोर्डक्वेस्ट अर्थवर्ल्ड' खेळत होतो. अटारी कंपनीच्या 'अटारी 2600' या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा 1982 सालचा गेम. बारा राशींच्या खोल्या. एकीतली वस्तू उचलायची, दुसरीत ठेवायची. कुठली कुठे, ते कोणी सांगत नाही. जमलंच तर दोन आकडे दिसतात : सोबतच्या कॉमिकमधलं पान आणि चौकट. तिथे चित्रात शब्द लपलेला. असे शब्द शोधून कंपनीच्या बक्षीस-स्पर्धेला पाठवायचे.

मुक्कामाला आलेले मामा चिवड्याची वाटी घेऊन शेजारी टेकले.

"एवढं करून मिळतं काय?"

"सोन्याचा ताईत. हिरे, राशीरत्नं जडवलेला. 25,000 डॉलरचा."

वाटी खाली ठेवली गेली.

"पेढी कुठली?"

"फ्रँकलिन मिंट."

"घडणावळ धरून?"

"मामा, तो 1983 लाच एकाने जिंकला."

"मग तू आत्ता काय करतोयस?"

मालिका चार गेमची, बक्षिसंही वेगवेगळी. मी विषय चषकावर नेला. दुसऱ्या गेमचा चषकही गेला. मुकुट, परीस आणि 50,000 डॉलरची तलवार राहिली. तोवर 1984 मध्ये कंपनीच विकली गेली. चौथा गेम तेव्हा आलाच नाही.

"म्हणजे भिशीवाला पळाला," मामा म्हणाले. "ओटीपी दिलास?"

रात्री फॅमिली ग्रुपवर मेसेज : 'सर्वांनी सावध राहा. आपला बाळू ताईताच्या नादी लागला आहे.' खाली अठरा हात जोडलेले.

मला खरा राग मात्र अटारीचा आहे. मान मोडून शब्द शोधा, आणि त्यातलेही मूळ संख्येच्या पानांवरचेच धरायचे! हा इशाराही कॉमिकमध्येच दडवलेला. बरोबर उत्तर आलं फक्त आठ जणांचं. बाकीच्या पोरांनी बापाच्या पैशाने घेतलेल्या गेमच्या कार्ट्रिजांचं काय? आम्हीही थंड पेयांच्या बुचातलं प्लास्टिक नखाने खरवडलंय. आत काय निघायचं? पुन्हा प्रयत्न करा. करा म्हणे! बाटलीचे पैसे कोण देणार?

2022 मध्ये तो चौथा गेम एका संग्रहासाठी नव्याने बनवला. बक्षीस अर्थातच नाही.

आज सकाळी मामांनी हळूच कॉमिकची पीडीएफ मागून घेतली. सोळाव्या पानावरचं एक झाड त्यांना संशयास्पद वाटतंय. सोळा मूळ संख्या नाही, हे मी सांगितलेलं नाही.