शिका, पण आधी जामीनदार गाठा

मागच्या मंगळवारपासून मला सगळ्यांना सल्ले द्यावेसे वाटतायत. बारावीचं पोर घरात असेल तर ऐका.

पेढे नंतर वाटा, आधी जामीनदार गाठा. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, पुढे साडेसात लाखांपर्यंत बऱ्याचदा हमीदार, त्याच्यापुढे घर नाहीतर जमीन. तेव्हा सरकारी नोकरीतला एक तरी मामा राखून ठेवा. त्याच्या पोराच्या मुंजीतला आहेर हीच खरी गुंतवणूक.

वडिलांना ओव्हरटाइम करू देऊ नका. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकतानाचं व्याज सरकार भरतं. आमच्या बाबांनी जास्तीच्या पाळ्या केल्या आणि आम्ही 4 लाख 62 हजारांवर श्रीमंत ठरलो.

गणित कच्चं ठेवा. माझं पक्कं, म्हणून झोप लागत नाही. वर्षाला दीड लाख, चार वर्षांत सहा लाख उचलले, 11 टक्क्यांनी. कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, हे ऐकून बाबांनी बँकेतल्या साहेबांना हात जोडले होते. हप्ता नव्हताच, व्याज होतं. पाच वर्षं मुकाट चढत राहिलं आणि पहिल्या हप्त्याच्या तोंडावर मुद्दलात जाऊन बसलं. 8 लाख 31 हजार! दहा वर्षं महिन्याला 11,447 रुपये. कॅम्पसमधून लागलेल्या नोकरीचा पगार 18,000. उरलेल्या साडेसहा हजारांत खोली, मेस आणि बस. कॉलेजच्या फ्लेक्सवर मात्र मी अजून टाय घालून हसतोय, खाली ‘100 टक्के प्लेसमेंट’.

करसवलत आहे की, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर! आधी कर लागण्याइतका पगार आणा.

कॉलेज निवडताना पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या विनातारण, विनाजामीनदार कर्जयोजनेच्या यादीतलंच निवडा. 2024 मध्ये योजना मंजूर झाली तेव्हा देशभरातल्या 860 निवडक संस्था त्यात होत्या. तिथे नंबर लागत नाही म्हणूनच आपण डोनेशनवाल्याच्या दारात उभे असतो, ही किरकोळ बाब.

आणि ‘माफी’ हा शब्द तोंडातून काढू नका. 2024 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात 15 मार्चपर्यंतची शैक्षणिक कर्जाची थकबाकी माफ करू असं छापलेलं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, तर काका लगेच टॅक्सपेयर झाले. बड्या उद्योगांची कर्जं राइट-ऑफ होतात तेव्हा हेच काका समजावतात, अरे ती माफी नाही, हिशेबाची पद्धत आहे, वसुली चालूच असते. मग करा की माझंही राइट-ऑफ. माझीही वसुली चालूच आहे.

चालू आहे म्हणजे काय, तर कंपनीने पगार लांबवला, दोन हप्ते थकले आणि मंगळवारी रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी वसुलीवाल्याने फोन केला. मला नाही. आईला. ती सहकर्जदार ना! “ऐपत नव्हती तर पोराला शिकवलंत कशाला?” आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, भात खाली लागला तरी तिला कळलं नाही. रात्री मला म्हणते, माझ्या पाटल्या मोडूया का रे?

अरे, ऐपत नव्हती म्हणूनच कर्ज काढलं ना? ऐपत असती तर तुझ्या साहेबाच्या केबिनबाहेर चार दिवस बसलो असतो का? सहा लाख घेतले, सहा लाख फेडीन, नोकरी लागल्यापासूनचं व्याजही देईन. पण चढलेल्या दोन लाख एकतीस हजारांतले, मी वर्गात बसलो होतो तेव्हाचे एक लाख पासष्ट हजार कशाचे लावता? त्या वर्षांत मी कमवत नव्हतो हे तुम्हाला माहीत होतं, तुमच्याच फॉर्मवर लिहिलं होतं. लाज नाही वाटत?

आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2022 पासून आहे. पुन्हा माझ्या आईला फोन केलात तर आधी तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार जाईल, आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्या फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवलाय.