छातीत दुखणं गॅसचं की हृदयाचं? 'घरच्या परीक्षे'चा मुद्देसूद प्रतिवाद

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि निवृत्तांच्या ग्रुपवर एक मेसेज थोड्याफार फरकाने फिरत असतो. 'छातीत दुखलं की लगेच हॉस्पिटलात पळू नका, तिथे बिल करायला टपलेलेच असतात' अशी सुरुवात, आणि पुढे घरच्या घरी करायची परीक्षा. दुखऱ्या जागी बोटाने दाबा, दुखलं तर स्नायू. ढेकर येऊन बरं वाटलं तर गॅस. दुखणं डावीकडे नसेल तर हृदयाचा संबंध नाही. जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवून पाच मिनिटांत थांबलं तरच हृदय. ईसीजी नॉर्मल आला की विषय संपला. पंचेचाळिशीच्या आत असाल तर चिंताच नको. आणि तरीही अटॅक वाटलाच, तर जोरजोरात खोकत राहा.

मेसेज साफ खोटा असता तर बरं झालं असतं. यातल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरही विचारतात. फरक एवढाच, की डॉक्टर त्या उत्तरांवरून शक्यता कमी-जास्त करतात आणि मेसेज थेट निकाल लावून मोकळा होतो.

'दाबल्यावर दुखलं तर स्नायूचं'

यात तथ्य आहे. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे कूर्चेने जोडलेल्या असतात, तिथे सूज आली की एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते. पण बहुतेक जण ही परीक्षाच चुकीची करतात. अंगठा रोवून जोरात दाबलं तर कुणाचीही छाती दुखते. विचारायचं ते वेगळं: हलक्या बोटाने दाबल्यावर उठलेली कळ आणि ज्या दुखण्यासाठी आलात ती कळ एकच आहे का? 'इथे दुखतं, पण मघाचं हे नव्हे' असं उत्तर आलं, तर त्या दाबण्याला काही अर्थ नाही.

आणि तेच दुखणं उठलं तरी? अभ्यासांमधून दिसतं ते असं, की या खुणेने हार्ट अटॅकची शक्यता ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शावर येते. शून्यावर येत नाही. समजा, परवाच पोती उचललेल्या पंचविशीतल्या मुलाला मुळात शंभरात एक एवढीच शक्यता असेल, तर ती नगण्य होईल. पण साठीचा, मधुमेह असलेला, विडी ओढणारा आणि घामाघूम झालेला माणूस शंभरात तीस अशा शक्यतेने आला असेल, तर दाबल्यावर दुखूनही शंभरात अकराच्या आसपास शिल्लक राहतेच. एवढ्या शक्यतेवर कुठलाही शहाणा डॉक्टर पेशंटला घरी पाठवणार नाही.

'ढेकर आला, ईनो घेतलं, बरं वाटलं म्हणजे गॅस'

सगळ्यात जास्त घात या ओळीने होतो.

हृदयाची खालची भिंत पडद्यासारख्या श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याच्या लगेच खाली जठर. त्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला की व्हेगस नावाची मज्जातंतू चेतवली जाते. हीच मज्जातंतू जठरालाही जाते. त्यामुळे खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात गच्च वाटणं, ढेकरा हे सगळं होतं. पेशंट खोटं बोलत नसतो, त्याला खरंच गॅस झाल्यासारखं वाटतं.

दुसरा घोटाळा वेळेचा. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर श्रम करताना छाती भरून येते आणि थांबून बसलं की काही मिनिटांत, बहुधा पाचेक मिनिटांत, आपोआप ओसरते. याला अंजायना म्हणतात. आता घरात काय घडतं ते पाहा. माणूस जिना चढून येतो, छातीत जड वाटतं, सोफ्यावर बसतो. कुणीतरी ईनो शोधतं, पाणी आणतं, फसफसलेला ग्लास हातात देतं. तो पितो, ढेकर येतो, बरं वाटतं. आराम बसण्याने पडलेला असतो, श्रेय ईनोला जातं. असं चार-पाच वेळा झालं की 'माझा गॅसचा त्रास जुना आहे' हे घरात पक्कं होतं आणि खऱ्या अटॅकच्या रात्रीसुद्धा आधी ईनोच निघतं.

जेवणानंतरचं दुखणंही असंच फसवतं. भरपेट जेवल्यावर हृदयाचं काम वाढतं, त्यात शतपावली केली की अरुंद झालेली रक्तवाहिनी कमी पडते. 'जेवल्यावर होतं' एवढ्यावर थांबू नये. जेवून नुसतं बसल्यावर होतं, की जेवून चालल्यावर? रिकाम्या पोटी तोच चढ चढल्यावर होतं का? दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर थांबावं लागतं का? ॲसिडिटीला जिने मोजता येत नाहीत. ती जळजळते, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर वाढते, घशाशी आंबट पाणी आणते, तासन् तास रेंगाळते. ठरावीक श्रमाला येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं ढेकरेसकट हृदयाचंच धरायचं, तपासून नाही ठरेपर्यंत.

'डावीकडे नसेल तर हृदय नाही'

हृदयाच्या वेदना वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूत ज्या पातळ्यांवर शिरतात, त्याच पातळ्यांवर छातीचे आणि हातांचे तंतूही येतात. मेंदूला नेमकी जागा कळत नाही. म्हणून हे दुखणं सहसा छातीच्या मध्यभागी, पसरट, आवळल्यासारखं वाटतं आणि ते दाखवताना माणूस बोट टेकवत नाही, मूठ किंवा पंजा ठेवतो. जबड्यापासून बेंबीपर्यंत आणि मागे पाठीत कुठेही ते जाणवू शकतं. डाव्या हाताचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण उजव्या हातात किंवा दोन्ही हातांत उतरणारी कळ अटॅककडे त्याहून जास्त बोट दाखवते, असं अभ्यासांत आढळलं आहे. मेसेज पाळणारा नेमका हाच पेशंट घरी बसेल.

खरं तर जागेपेक्षा वेळ जास्त बोलते. सुईसारखी टोचून दोन सेकंदांत जाणारी कळ हृदयाची असणं कठीण. आठ दिवस रात्रंदिवस एकसारखं ठणकणारंही बहुधा नव्हे. काही मिनिटं किंवा त्याहून जास्त टिकणारं, मिनिटागणिक चढत जाणारं दडपण, सोबत गार घाम: हे धोक्याचं.

आणि छातीत दुखलंच नाही तर? अमेरिकेतल्या अटॅकच्या एका मोठ्या नोंदवहीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक-तृतीयांश पेशंटना दवाखान्यात येताना छातीत दुखत नव्हतं. यात वयस्कर, मधुमेही आणि स्त्रिया जास्त होत्या. धाप, अचानक आलेला कमालीचा थकवा, घाम, मळमळ, जबड्यात कळ हीच त्यांची लक्षणं. बायकांच्या अशा तक्रारींवर 'उपास सोसला नाही', 'टेन्शन घेतेस' हे निदान घरातच होऊन जातं.

'सॉर्बिट्रेटने थांबलं तर हृदय, नाहीतर नाही'

सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, तसे अन्ननलिकेचेही करते. त्यामुळे अन्ननलिकेला आलेल्या पेटक्यालाही तिने आराम पडतो. उलट, रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल तर गोळीने फरक पडतोच असं नाही. म्हणजे परीक्षा दोन्ही बाजूंनी नापास. छातीदुखीबाबतच्या २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनीही गोळीने पडलेला आराम निदानासाठी धरू नये असं म्हटलं आहे.

शिवाय शेजाऱ्याची गोळी तोंडात टाकणं निरुपद्रवी नाही. तिने रक्तदाब उतरतो. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये हृदयाचा उजवा कप्पा सापडला असेल तर रक्तदाब झपकन कोसळू शकतो. व्हायग्रासारखी गोळी गेल्या २४ तासांत घेतली असेल, किंवा त्याच कामाची टाडालाफिल ४८ तासांत, तर सॉर्बिट्रेट वर्ज्य. हे पेशंट बायकामुलांसमोर सांगत नाही, म्हणून विचारताना बाकीच्यांना खोलीबाहेर काढावं. ज्यांना डॉक्टरांनी आधीच लिहून दिली आहे त्यांनीही ती बसून घ्यावी. उभ्याने घेऊन चक्कर येऊन पडलेले, डोकं फुटलेले पेशंट कमी नसतात.

'ईसीजी नॉर्मल, विषय संपला'

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेच्या लहरींची त्या दहा सेकंदांपुरती नोंद. ज्यांना पुढे अटॅक सिद्ध झाला अशा पेशंटच्या मोठ्या अभ्यासात शंभरातल्या सात-आठ जणांचा पहिला ईसीजी पूर्ण नॉर्मल होता, आणि आणखी बऱ्याच जणांचा संदिग्ध. कारणं उघड आहेत. गुठळी बनते, थोडी सुटते, परत बनते. मधल्या वेळेत काढलेला कागद स्वच्छ येतो. हृदयाच्या मागच्या भिंतीसमोर नेहमीच्या १२ लीडपैकी, म्हणजे हृदयाकडे पाहणाऱ्या कोनांपैकी, एकही नसते. तिथला अटॅक पकडायला पाठीवर, डाव्या खवाट्याच्या खाली, व्ही-७ ते व्ही-९ लीड लावाव्या लागतात. छातीवरच्या व्ही-१ आणि व्ही-२ या लीडची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत असते. घाईत त्या दोन फटी वर चिकटवल्या जातात आणि आलेख बदलतो.

म्हणून नियम असा: पोचल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी, केस पेपर नंतर. दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा. सोबत ट्रोपोनिन. हृदयाचा स्नायू मरू लागल्यावर हे प्रथिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही. छोट्या दवाखान्यातली पट्टीवरची ट्रॉप-टी, म्हणजे ट्रोपोनिनचीच झटपट तपासणी, पहिल्या काही तासांत निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये. नव्या अतिसंवेदनशील तपासणीतही साधारणपणे १ ते ३ तासांनी दुसरा नमुना घेऊन आकडा चढतो का ते पाहतात. जुन्या पद्धतीत हे अंतर ३ ते ६ तास.

मनगटी घड्याळातला ईसीजी एका लीडचा असतो. तो ठोक्यांची अनियमितता दाखवतो, अटॅक नव्हे. गेल्या महिन्याची स्ट्रेस टेस्ट चांगली होती हेही आजच्या दुखण्याला उत्तर नाही. पुष्कळदा रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा जो चरबीचा थर फुटून गुठळी होते, तो निम्म्याहून कमी अडथळ्याचा असतो आणि तेवढा अडथळा त्या चाचणीत दिसत नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, हे तर या प्रश्नाशी संबंधितच नाही.

'पंचेचाळिशीच्या आत चिंता नको'

५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या अटॅकचं मध्यक वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९ च्या जवळ होतं. मध्यक ५३ म्हणजे निम्मे त्याआधीच. तंबाखू, मधुमेह, घरात कमी वयात अटॅक आलेलं कुणी, यांपैकी काही असेल तर वयाचा दिलासा आणखी पातळ.

'जोरजोरात खोका'

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, मॉनिटर लावलेल्या, शुद्धीवरच्या पेशंटचा ठोका अचानक बिघडला तर डॉक्टर क्षणभर खोकायला सांगतात. तिथून हे सुटून व्हॉट्सॲपवर आलं. अटॅकमध्ये गुठळी असते आणि ती खोकून सुटत नाही. हृदय बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कोण? तेव्हा दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे असतात. लाल तिखटाचं पाणी पाजण्याची आवृत्तीही फिरते. तिच्यावर वेळ घालवत नाही.

मग घरी ठरवायचं काय?

गॅस की हृदय हे घरी ठरत नाही. जायचं की नाही, एवढंच ठरवायचं. छातीत दडपण किंवा जडपणा येऊन बसल्यावरही ओसरत नसेल, किंवा सोबत घाम, धाप, उलटी, भोवळ असेल, तर १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. पेशंटने गाडी चालवायची नाही, जिना उतरायचा नाही, 'आंघोळ करून निघतो' म्हणायचं नाही. दुखणं सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा, कारण पुढचे निर्णय त्याच आकड्यावर होतात.

ॲस्पिरिनचा फायदा पक्का आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांवर पेशंटच्या आयसिस-२ चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू जवळपास चौथाईने कमी झाले. १०८ वर किंवा डॉक्टरांना फोनवर विचारून साधारण ३०० मिलिग्रॅम द्यावी. विरघळणारी डिस्प्रिन पाण्यात चालते. घरात आवरणाची ७५ ची इकोस्प्रिनच असेल तर चार गोळ्या चावून खायच्या. नुसत्या गिळल्या तर आवरणामुळे उशीर होतो. ॲलर्जी, जठरातून रक्तस्राव, किंवा पाठीत फाटल्यासारखी एकदम उठलेली जबर कळ असेल तर स्वतःहून देऊ नका. ती कळ महाधमनी चिरल्याची असू शकते आणि तिथे ॲस्पिरिन घातक.

रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल तर निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात घ्यायचं आणि मग पुढे हलवायचं. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकदाच शिरेतून देतात, स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत. ही इंजेक्शनं दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत हृदयाचा जेवढा स्नायू वाचवतात तेवढा नंतर नाही. गोव्यात 'स्टेमी गोवा' योजनेत लहान रुग्णालयांतले ईसीजी तज्ज्ञांकडे जातात आणि इंजेक्शन तिथेच मिळतं. बाकी ठिकाणी फोन करताना थेट विचारा: 'तुमच्याकडे कॅथलॅब आत्ता चालू आहे का? नसेल तर इंजेक्शन देता का?'

आणि आधीचा, बरं असतानाचा ईसीजी असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नव्या कागदावरचा बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे डॉक्टरांना त्यावरून अर्ध्या मिनिटात कळतं.