जनजागृती करताय? मग एवढं सांभाळा

बेघर मुलांविषयी समाजात जागृती घडवायची असेल, तर सगळ्यात आधी त्या मुलांना तिथून उठवा.

गंमत नाही करत. गेल्या रविवारी आमच्या इथल्या उड्डाणपुलाखाली बेघर बालकांसाठी वॉकेथॉन निघाली. स्टेज पुलाखालीच हवं होतं, ऊन लागत नाही ना! तिथे राहणारी बिऱ्हाडं मग शनिवारी रात्रीच हलवली. गोधड्या, पातेली, पाण्याचे निळे कॅन, गजऱ्यांची टोपली, सगळं रस्त्याच्या दुभाजकावर. पोरंही तिथेच झोपली, दोन्ही अंगांनी गाड्या धावत असताना. सकाळी त्यांच्या चुलीच्या जागेवर लाल गालिचा आणि मान्यवरांच्या खुर्च्या. दूध आणायला निघाले होते, तर एका स्वयंसेवकाने मलाही टोपी घातली.

दुसरी गोष्ट, फोटो. फोटोशिवाय जागृती होत नाही. मूल निवडताना ते लहान, विस्कटलेल्या केसांचं आणि शक्यतो रडवेलं बघावं. परवा एक सहा-सात वर्षांची मुलगी बिस्किटाचा पुडा मिळाला म्हणून हसत होती. फोटोग्राफर वैतागला. ‘ए, हसू नको ना!’ ती आणखीच हसली. शेवटी त्याने पुडा काढून घेतला, तेव्हा कुठे हवा तसा चेहरा मिळाला. दुपारपर्यंत तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली चाळीस हात जोडलेले. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ म्हणून एक प्रकरण आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला, फोटो छापायला त्यात बंदी आहे. पण ते वाचत बसलात तर पोस्ट कधी टाकणार?

मोठी मुलं घेऊ नका. सतरा वर्षांचा, हातात नशेसाठी हुंगायचा सोल्युशनचा रुमाल असलेला पोरगा बॅनरवर शोभत नाही. सहाव्या वर्षी तो ‘बिच्चारा’ होता, आता ‘गर्दुल्ला’ आहे. मधली अकरा वर्षं तो त्याच फुटपाथवर होता ही त्याची चूक. बालगृहात वाढलेल्यालाही अठरा झाले की बाहेर पडावं लागतं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद कागदावर आहे, पण खोलीचं डिपॉझिट कागदावर भरता येत नाही. तेव्हा हा विषय काढूच नका, कार्यक्रमाचा मूड जातो.

भाषणात ‘देशाचं भविष्य’ किमान दोनदा यावं.

‘यांना शाळेत का नाही घालत?’ हे आईलाच विचारा, तेही माइकवरून. आमच्या पुलाखालच्या बऱ्याच जणी पारधी आहेत, मराठवाड्यातून आलेल्या. इंग्रजांनी १८७१ साली पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला. चौकीतल्या हवालदाराला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुलाखालची एक आई मात्र सांगते, शाळेत गेलं की पहिला प्रश्न आधारचा, दुसरा पत्त्याचा. पत्ता काय सांगणार, पुलाचा खांब नंबर? तोही पालिकेने रंगवून टाकला, सुशोभीकरणात. खांबांवर मोर काढलेत, आणि खाली कुणी पाठ टेकू नये म्हणून टोकदार दगड बसवलेत. मोराचा खर्च निघतो, दगडांचा खर्च निघतो, निवाऱ्याचं नाव काढलं की निधी नसतो! बरं, महिन्या-दोन महिन्यांनी पालिकेची गाडी येते आणि सामान उचलून नेते. त्यात गोधडीबरोबर दप्तरही जातं, आणि कसंबसं मिळवलेलं जन्माच्या दाखल्याचं झेरॉक्सही. मग पुन्हा आधी कागद आणा, मग शाळा. हे सगळं करणारे आपणच, आणि माइकवरून विचारणारेही आपणच.

कुणाची जागृती करताय हो? मुंबईत कुणाला ही मुलं दिसलेली नाहीत? सिग्नलला काच वर करतो तो प्रत्येक जण जागाच असतो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली याच शहरात सुरू झाली. किती जणांच्या फोनमध्ये तो नंबर आहे? प्लंबरचे तीन असतात.

शहरात लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे. तुमच्या वॉर्डात एक तरी पाहिलाय? आणि पोरांना आईसकट आत घेणारा? नसेल पाहिला, तर चालत कुठे निघाला होतात तुम्ही सगळे? पुलाखालून निघालात आणि वळसा घालून परत पुलाखाली! निदान वॉर्ड ऑफिसपर्यंत तरी जायचं होतं. तेवढ्या माणसांतल्या एकाने जरी माहिती अधिकारात विचारलं असतं की आमच्या वॉर्डातले निवारे कुठे आहेत, त्यांत किती मुलं झोपतात, तर साहेबांना उत्तर द्यावं लागलं असतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तुमची टोपी त्याहून महाग पडली असेल.