बाकावरचा हीलर

परवा रात्री साडेबाराला मला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या ऑनलाइन गेममध्ये बाहेर बसवलं. ज्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या मंडळात) मी सहा वर्षं घासली, तिच्या रेड लीडरने, म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाच्या पोराने, फक्त दोन शब्द टाकले: "तू बेंच." सगळ्यात अवघड रेडमध्ये, म्हणजे राक्षसांवरच्या सामूहिक चढाईत, बरोबर २० माणसं घेतात, मी एकविसावा. का, तर नवीन एक्सपान्शन आल्यापासून माझी आयटम लेव्हल, म्हणजे चिलखत-हत्यारांच्या ताकदीचा आकडा, मागे पडलीय. पडणारच! सर्व्हर युरोपातला, त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे थंडीत आपले साडेबारा. मला सकाळी साडेसातला कंपनीची बस गाठायची असते. ह्या पोराला कॉलेजसुद्धा ऑनलाइन.

हे सगळं मी हेडफोन काढून मोठ्याने बोललो, आणि तिथेच फसलो. सासरे पंधरा दिवसांसाठी आलेत. अप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. झोप कमी, चौकशी फार.

"कोणावर ओरडलात, जावईबापू?"

"कोणावर नाही, अप्पा. गेम आहे."

ते मफलर सारखा करत खुर्ची ओढून बसले. "ह्यात तुमच्याकडे कुठलं टेबल?"

"मी हीलर. लोकांना बरं करतो."

"काय झालेलं असतं त्यांना?"

"आगीत उभे असतात."

"का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर २००४ पासून कुणाला सापडलेलं नाही. राक्षस पायाखाली आग टाकतो, ती सगळ्यांना दिसते, लीडर घसा फोडून "बाजूला व्हा" म्हणतो, आणि तरी चारपाच जण शेकोटीला बसल्यासारखे तिथेच.

"म्हणजे आगीत ते उभे राहतात," अप्पांनी सावकाश हिशोब मांडला, "आणि बाहेर तुम्हाला काढलं."

मला त्यांना मिठी माराविशी वाटली. बायकोने एवढं कधी समजून घेतलेलं नाही.

मग 'एक्सपान्शन ही काय भानगड' इथवर गाडी आली. मी सांगितलं की साधारण दोन वर्षांनी नवा प्रदेश येतो, नवे राक्षस येतात, त्याचे पैसे वेगळे. महिन्याची वर्गणी आहेच. आणि आधी जमवलेलं चिलखत भंगारात. २००७ साली पहिलं एक्सपान्शन आलं, तेव्हा ४०-४० जणांनी महिनोन् महिने राबून मिळवलेली जांभळी, म्हणजे भारी प्रतीची, चिलखतं होती. नव्या प्रदेशातल्या पहिल्या फुटकळ कामांना बक्षीस म्हणून मिळालेल्या हिरव्या, हलक्या मालाने त्यातली कितीतरी मोडीत काढली. २०१० मध्ये तर एका ड्रॅगनकरवी जुनं जगच फोडलं. एक माळरान मधोमध उभं चिरलं, एक दरी पाण्याखाली घातली. लोक हळहळले, तर २०१९ मध्ये तेच जुनं जग 'क्लासिक' म्हणून परत उघडलं. अप्पा म्हणाले, "रीडेव्हलपमेंट. पण जुनी चाळ पाडून परत जुनी चाळच?"

"आणि २०२० मध्ये सगळ्यांच्या लेव्हल उतरवल्या. १२० वाल्याची ५०."

अप्पा ताठ झाले. "वेतननिश्चितीत चूक?"

"नाही, मुद्दाम. आकडे फार फुगले होते म्हणून."

"मग संघटना काय करत होती?"

संघटना! आमची संघटना आठवडाभर बोंबलते आणि मग मुकाट्याने वर्गणी भरते. एक्सपान्शन आलं की गिल्ड लग्नघरासारखी गजबजते, महिन्याभरात मांडव उठतो, आणि खरकटं काढायला आम्ही जुने सातआठ. माझी मित्रयादी बघा, अर्ध्याहून जास्त नावं करडी, म्हणजे ऑफलाइन. त्यात एक डेन्मार्कचा ट्रकवाला आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो रेडच्या आधी रोज विचारायचा, घरचे बरे आहेत ना? आज त्याच्या नावापुढे 'शेवटचा ऑनलाइन: ३ वर्षांपूर्वी' असं दिसतं. त्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही. माझी सहा वर्षं अशा लोकांत गेली, आणि ह्या पोराला दिसते फक्त आयटम लेव्हल.

असो. सकाळी चहाबरोबर अप्पांनी माझ्यापुढे फुलस्केप कागद सरकवला. समास सोडून, टपोऱ्या अक्षरात: "प्रति, मा. लीडर. विषय: सहा वर्षे जुन्या सभासदास पूर्वसूचना न देता बाहेर बसविल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये..." खाली माझ्या सहीला जागा, आणि "प्रत माहितीसाठी" मध्ये उरलेले १९ जण.

'उपरोक्त विषयान्वये'चं इंग्रजी करताना बस चुकता चुकता राहिली. पण केलं, आणि पाठवलंही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं: "लोल."

संध्याकाळी अप्पा दारातच उभे. "काय झालं अर्जाचं?"

"पोचलाय म्हणाले."

"आवक क्रमांक घेतलात का?"