जनरेटरखालच्या माउंटबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आपल्या घणसोलीतील सोसायटीच्या जनरेटरखाली बसवलेल्या आमच्या चार रबर माउंटपैकी (हादरे शोषणाऱ्या रबरी बैठकींपैकी) एक आठ महिन्यांत फाटला, म्हणून टेन्साइलचे, म्हणजे रबर किती ताणावर तुटते त्याचे, प्रमाणपत्र खोटे आणि रबरात रिक्लेम, म्हणजे जुन्या रबरापासून पुन्हा बनवलेला माल, मिसळलेला, असे आपण लिहिले आहे.

प्रमाणपत्रातला आकडा रबराची पट्टी एकदाच ताणून तोडल्यावर मिळतो. आपला जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे तासाला ९० हजार आणि हजार तासांत नऊ कोटी. इतक्या वेळा हादरे खाऊन रबर किती टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कितीही चांगल्या रबरात नीट न मिसळलेल्या काजळीचे कण, बारीक पोकळ्या अशा मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागणाऱ्या उणिवा असतातच, आणि त्यातलीच एखादी हळूहळू वाढून तिची भेग होते. नैसर्गिक रबर ताणाखाली असताना भेगेच्या टोकाशी त्याचे रेणू ओळीने लागून स्फटिक बनतात व भेगेची वाट अडवतात. ताण पूर्ण शून्यावर आला की ते स्फटिक वितळतात आणि भेगेला पुन्हा वाट मिळते. म्हणून, ऐकायला उलटे वाटले तरी, कायम थोडा ताण राहिलेले रबर दर फेऱ्यात पूर्ण मोकळे होणाऱ्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकते. कॅडवेल या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९४० मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

आपल्याच फोटोत फाटलेल्या माउंटचा नट सैल आहे आणि बेस फ्रेमखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे. म्हणजे तो कोपरा दर हादऱ्याला उचलला जाऊन पुन्हा आपटत होता आणि रबर दर वेळी पूर्ण मोकळे होत होते. रबर ज्या धातूच्या पत्र्याला चिकटवलेले असते तो पत्रा स्वच्छ दिसला असता तर दोष आमच्या चिकटवण्याचा होता आणि मी वाद घातला नसता, परंतु पत्र्यावर रबराचा थर तसाच आहे, भेग त्याच्या कडेने रबरातूनच गेली आहे. त्याच बॅचचे उरलेले तीन माउंट शाबूत आहेत, हे रिक्लेमच्या आरोपाला पुरेसे उत्तर आहे.

याहून कडक रबर द्यावे, ही आपली सूचना मला पटत नाही. कडक माउंट कमी दबतो, त्यामुळे जमीन असमान असेल तर एखादा कोपरा अधरच राहण्याची शक्यता वाढते आणि कंपही स्लॅबमध्ये जास्त उतरतो. त्याची तक्रार मग आपल्याकडे शेजारी करतील. नवा माउंट लावण्यापूर्वी त्या कोपऱ्याखाली शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घालून चारही माउंट सारखे दबल्याची खात्री करावी, आणि नट काही दिवस चालवल्यानंतर पुन्हा आवळावेत. त्यासाठी आमचा फिटर विनामूल्य येईल. पैसे परत करण्याची मागणी मात्र मान्य करता येत नाही. फाटलेला माउंट रबाळे एमआयडीसीतील कारखान्यात आणल्यास तो आपल्यासमोर कापून दाखवू.