‘लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी करून गाडी उभी करा’: हा फॉरवर्ड पाळू नका

पावसाळा तोंडावर आला की कॅम्परवाल्यांच्या (झोपायची-राहायची सोय केलेल्या गाड्यांच्या) ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो. यंदा तो माझ्या मेव्हण्याकडे पोचला. ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर, सीटखाली २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, टपावर दोन पॅनेल. त्याने रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, ‘इन्व्हर्टरवर हीटर लावून बॅटरी संपवायला घेतलीये, किती वेळ लागेल?’ नशीब, आधी विचारलं. मेसेजमध्ये पाच ‘नियम’ आहेत. एक धादांत घातक आहे, एक सोलर कंट्रोलर (पॅनेलमधली वीज बॅटरीला आवरून देणारा डबा) जाळणारा आहे, बाकीचे अर्धवट माहितीवर उभे आहेत.

घातक नियमापासून सुरुवात करतो. ‘गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बीएमएस कट होईपर्यंत बॅटरी रिकामी करा. मेमरी पुसली जाते आणि आगीची भीती उरत नाही.’

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं, धोका दिसला की तिला तोडणारं सर्किट. ते कट झालं म्हणजे बॅटरी सुरक्षित झोपली, असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती काठावर उभी असते. व्हिक्ट्रॉन या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीच्या लिथियम बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये याचा आकडाच दिलेला आहे: लो-व्होल्टेज कट झाल्यानंतर दर १०० एएचमागे साधारण १ एएच एवढाच साठा शिल्लक राहतो, आणि तो वापरला गेला की बॅटरीला इजा होते. त्यांचंच उदाहरण असं, की २०० एएचची बॅटरी या अवस्थेत असताना फक्त १० मिलिअँपिअर करंट झिरपत राहिला, तर ८ दिवसांनंतर नुकसान होऊ शकतं. हिशेब घरी करून पाहा. २ एएच भागिले ०.०१ अँपिअर म्हणजे २०० तास, आठ दिवस आणि थोडे तास. दहा मिलिअँपिअर म्हणजे किती? सोलर कंट्रोलर रात्रभर नुसता जागा राहायलाही तेवढं सहज घेतो. पावसाळा चार महिन्यांचा असतो.

आता तीच बॅटरी निम्मी भरून ठेवा. १० मिलिअँपिअरने १२० दिवसांत जातात २८.८ एएच. आपोआप होणारी गळती महिन्याला २ ते ३ टक्के धरली तर आणखी १६ ते २४. शंभरातून एवढं गेलं तरी ऑक्टोबरात जवळपास ५० एएच हातात असतात. गाडी तीच, झिरपही तोच, पण रिकामी बॅटरी आठवड्यात धोक्यात आणि निम्मी भरलेली ठणठणीत.

बॅटरीतल्या सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुढे चार्ज करताना ते नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. म्हणजे आग टाळायला म्हणून जे सांगितलंय, तेच बॅटरीला धोकादायक करून ठेवतं. वर मेसेजमध्ये पुढची ओळ अशी: ‘बॅटरी उठली नाही तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने जंपर मारा.’ मुळीच नको. दोन बॅटऱ्या थेट जोडल्या की मध्ये करंटला आवर घालणारं काहीच नसतं. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर ती बॅटरी चार्ज न करता ज्याने दिली त्याच्याकडे न्या. सेल ठीक असतील तर लिथियमला वेक-अप देणारा (कट झालेली बॅटरी जागी करणारा) चार्जर लावून १० अँपिअरच्या आसपास सावकाश वर आणा, आणि तेवढा वेळ शेजारी थांबा.

मेमरीबद्दल: अर्धवट वापरत राहिलेली बॅटरी तेवढीच क्षमता ‘लक्षात ठेवते’, ते दुखणं निकेल-कॅडमियमचं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूट आणि टोयोटाच्या संशोधकांनी लिथियम आयर्न फॉस्फेटमध्येही मेमरीचा परिणाम मोजला, हे खरं. पण तो व्होल्टेजच्या रेषेतला अगदी बारीक उंचवटा होता. बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज त्याने चुकू शकतो. रिकामी करून पुसण्याजोगी क्षमता त्यात अडकलेली नसते. आगीच्या बाबतीत कमी भरलेली बॅटरी जास्त सुरक्षित, एवढं मान्य करावं लागेल. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना ३० टक्क्यांची कमाल मर्यादा असते ती त्यासाठीच. पण मर्यादा तीस टक्क्यांची आहे, शून्याची नाही.

दुसरा नियम: ‘बॅटरीचा मेन स्विच बंद करा, सोलरचं काही करायची गरज नाही, ते आपोआप थांबतं.’ पॅनेलवर ऊन आहे तोवर ते काहीही थांबत नाही. कंट्रोलरच्या एका बाजूला उन्हातलं पॅनेल आणि दुसऱ्या बाजूची बॅटरी अचानक गायब, ही स्थिती बऱ्याच कंट्रोलरना मानवत नाही. पीडब्ल्यूएम नावाच्या साध्या प्रकारच्या कंट्रोलरमधून ‘१२ व्होल्टच्या’ पॅनेलचे २०-२२ व्होल्ट थेट गाडीच्या वायरिंगमध्ये येऊ शकतात. त्या क्षणी जोडलेले एलईडी, छताचा पंखा, फ्रिजचा बोर्ड, जे नाजूक असेल ते जातं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये दोन पोलचा डीसी एमसीबी बसवून घ्या. घरातल्या एसी करंटचा एमसीबी तिथे चालत नाही. एमसीबी नसेल तर पॅनेलवर जाड चादर टाका किंवा अंधार पडल्यावर काम करा. उन्हात चालू करंटवर पॅनेलच्या वायरींचे एमसी-फोर कनेक्टर ओढून काढू नका, डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही.

इथेच वायरिंग डोळ्यांनी बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत कंट्रोलरची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीच्या लगवर (केबल घट्ट करायच्या टोकावर) घट्ट केलेली असते. मग स्विच बंद केला तरी कंट्रोलर बॅटरीवरच राहतो. तसाच गाडीचा जीपीएस ट्रॅकर, तसाच गॅस डिटेक्टर. ट्रॅकरचे ४० आणि डिटेक्टरचे ८० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास २.९ एएच, निम्मी भरलेली २०० एएच बॅटरी पाच आठवड्यांत संपते. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, काहीही न जोडता, तर १२ वॉटच्या हिशेबाने दिवसाला २२ एएचच्या वर जातात. पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा नऊ दिवस पुरते. सगळं बंद केल्यावर डीसी क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर किती करंट आहे ते बघा. क्लॅम्पवर काही दिसलं नाही म्हणजे शून्य, असं समजू नका. स्वस्त क्लॅम्प मीटरला १० मिलिअँपिअर दिसत नाहीत. तेवढ्यासाठी इन्व्हर्टरची केबल सोडवून मल्टिमीटर सिरीजमध्ये, आधी १० अँपिअरच्या रेंजवर लावा.

‘गाडीवर सोलर आहे, बॅटरी आपोआप राखली जाईल’ म्हणणाऱ्यांनी गाडीवर ताडपत्री घातली आहे का, ते आधी सांगावं. ताडपत्रीखाली पॅनेल म्हणजे शून्य. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्येही शून्य.

तिसरा नियम कंट्रोलरच्या चार्जिंगच्या सेटिंगबद्दल, ‘लेड-अॅसिडची सेटिंग चालते, बीएमएस सांभाळून घेतो.’ नाही. इक्वलायझेशनमध्ये, म्हणजे लेड-अॅसिडचे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त चार्ज देताना, व्होल्टेज १५ च्या वर जातं, तापमानाची भरपाई थंड पहाटे ते आणखी चढवते, आणि मग बीएमएस ऐन उन्हात बॅटरी तोडतो. म्हणजे दुसऱ्या नियमातला अपघात पुन्हा. बीएमएस हा गच्चीचा कठडा आहे, रोज त्यावर आपटायचं नसतं. अॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरायचा टप्पा) १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर राखायचा टप्पा) १३.५, इक्वलायझेशन बंद, तापमान भरपाई शून्य. तुमच्या बॅटरीच्या कागदावर वेगळं असेल तर ते पाळा.

चौथा, ‘फ्लोटवर ठेवली की लिथियम मरते.’ यात अर्धं तथ्य आहे. शंभर टक्के भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने उन्हाच्या तडाख्यात ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत काय होतं ते तिकडच्यांना सांगायला नको. पण १३.५ च्या फ्लोटने काही बॅटरी मरत नाही, खुद्द कंपन्याच तो आकडा देतात. ट्रॅकर किंवा कॅमेऱ्यासाठी सोलर चालू ठेवावंच लागत असेल तर अॅब्सॉर्प्शन आणि फ्लोट दोन्ही १३.२ वर आणा. दिवसा बारीक खर्च पॅनेल उचलतं आणि बॅटरी काठोकाठ भरून बसत नाही.

पाचवा, ‘मीटरवर १३.१ दिसलं की निम्मी.’ शांत पडलेल्या बॅटरीत ४० आणि ७० टक्क्यांमध्ये फरक असतो ०.१ व्होल्टचा, आणि डॅशबोर्डवरच्या स्वस्त मीटरची चूकही तेवढीच. शंटवाला मॉनिटर वापरा, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्केवारी दाखवतो.

मेव्हण्याला सांगितलेला क्रम असा. शंटवर ५० ते ६० टक्के होईपर्यंत वापरा, इन्व्हर्टर-फ्रिज बंद, पॅनेलचा एमसीबी बंद, मग मेन स्विच, मग थेट लगवर राहिलेल्या वायरींचे फ्यूज काढा. दोन महिन्यांनी एकदा स्विच चालू करून टक्केवारी बघा. ३० च्या खाली असेल तर पुन्हा साठवर आणा. पाऊस संपला की आधी बॅटरी, नंतर पॅनेल जोडा आणि १४.२ पर्यंत पूर्ण भरून दोन तास तिथेच राहू द्या. सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरणं) या वरच्या टप्प्यातच होतं, आणि शंटचा आकडा १०० वर लावून घ्यायची वेळही हीच.