काढतो एक, उत्तर देतो दुसरा

3 जून 2025, मंगळवार. माझं ऑफिस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियमपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. संध्याकाळी जर्सी सिटीकडे जाणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये चढलो, तर केशरी-निळी जर्सी घातलेला एक धिप्पाड गृहस्थ मोबाइलवरची बातमी अख्ख्या डब्याला वाचून दाखवत होता. निक्सनं, न्यूयॉर्कच्या बास्केटबॉल संघानं, आपले प्रशिक्षक टॉम थिबोडो यांना काढलं होतं. तीनच दिवसांपूर्वी, शनिवारी, निक्स इंडियानाच्या संघाकडून हरले होते. पण ही हार एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीतली, आणि तिथवर हा संघ 25 वर्षांनी पोचला होता. महिनाभर गार्डनबाहेरच्या रस्त्यांवर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. त्या गृहस्थानं बातमी वाचून संपवली, फोन खाली केला आणि विचारलं, "बरं, काढणारा कुठंय?"

काढणारा म्हणजे लिऑन रोझ, 2020 पासून संघाचे अध्यक्ष. त्यांच्या नावानं एक निवेदन आलं: आमचं सगळं लक्ष विजेतेपदावर आहे, त्यासाठी हा कठीण निर्णय घेतला, थिबोडोंचे आभार. पत्रकार परिषद झाली नाही. रोझ यांना ओळखणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं नाही. पत्रकारांपासून लांब राहण्याबद्दलच ते प्रसिद्ध आहेत.

रात्री नऊला फोंड्याहून फोन आला. तिकडे सकाळचे साडेसहा. हा माझा शाळेपासूनचा मित्र. बास्केटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण फुटबॉलवर बोलायला लागला की चहा गार होतो. (आम्ही फोनवर बोलतो कोकणीत आणि त्याच विषयावर लिहायचं झालं की मराठीत लिहितो. गोव्याबाहेरच्यांना हे समजावून सांगणं मी कधीच सोडलंय.) बातमी त्याच्याही फोनवर पोचली होती. म्हणाला, "तुमच्याकडे बरं असतं. कोचला काढलं की साहेब दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे हजर. आपल्याकडे एक कागद येतो, 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' म्हणून. संपलं."

मला हसू आलं. घरी माझ्या अमेरिकेबद्दल जे काही चांगलं बोललं जातं, त्यातलं निम्मं मला इथं सापडलेलं नाही.

तसं अगदीच खोटं नाही ते. त्याच वर्षी मार्चअखेर मेम्फिसच्या संघानं आपल्या प्रशिक्षकाला हंगाम संपायला जेमतेम दोन-अडीच आठवडे असताना काढलं आणि संघाचे सूत्रधार झॅक क्लाइमन त्याच दिवशी प्रश्नांना सामोरे गेले. उत्तरं काही फार समाधानकारक नव्हती. पण माणूस समोर बसला. दहा-बारा दिवसांनी डेन्व्हरनं तर प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. 2023 साली विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक मायकेल मलोन त्यातला एक. तिथं मालकांच्या घरचे जॉश क्रोएंकी बोलले, पण संघानंच चित्रित केलेल्या व्हिडिओत, संघाच्याच माणसासमोर. आपला वाढदिवस, आपलाच केक, कापणारेही आपण. डॅलसमध्ये लाडका खेळाडू लुका डॉन्चिच दुसऱ्या संघाला देऊन शहराचा रोष ओढवून घेणारे जनरल मॅनेजर निको हॅरिसन एप्रिलमध्ये बोलले, तेही कॅमेऱ्यांना मज्जाव करून, निवडक पत्रकारांपुढे. नोव्हेंबरमध्ये त्यांनाच काढलं, तेव्हा मालकानं चाहत्यांना उद्देशून पत्र लिहिलं.

म्हणजे इथंही प्रत्येक संघाचा खाक्या वेगळा. पण एक गोष्ट अशी आहे जी मित्राला सांगितली तर त्याचा विश्वास बसेना. एनबीएमध्ये खेळाडूनं आणि प्रशिक्षकानं पत्रकारांशी बोलणं हा नियम आहे. डिसेंबर 2020 मध्ये ब्रुकलिनच्या कायरी अर्व्हिंगनं बोलायला नकार दिला, तर लीगनं त्याला 25,000 डॉलर दंड केला आणि क्लबलाही तेवढाच. हंगामात 82 सामने, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर प्रशिक्षक माइकसमोर. हरल्यावर घामेजलेल्या पोरानं उत्तर द्यायचं, नाहीतर पैसे भरायचे. आणि त्या पोराला आणणारा, त्याच्या प्रशिक्षकाला काढणारा, वरच्या काचेच्या खोलीत बसलेला माणूस मात्र महिनोन्‌महिने गप्प राहिला तरी त्याच्या खिशाला चाट नाही.

मित्र म्हणाला, "मग लोबेराचं आठव."

आठवायला कशाला हवं? जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवा या फुटबॉल क्लबनं प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढलं, तेव्हा संघ गुणतक्त्यात सगळ्यांत वर होता आणि साखळीतले तीन सामने उरले होते. वर्षभरापूर्वी याच माणसानं सुपर कप आणला होता. मी तेव्हा या देशात नवा होतो; सकाळी फातोर्डा मैदानावरचे सामने पाहायचे ही माझी एकमेव चैन. त्या दिवशी निवेदन वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कारण काय ते मला दोन्ही वेळा कळलं नाही. पुढे माइकसमोर बसायची पाळी आली क्लिफर्ड मिरांडावर. आपला गोंयकार, डेंपो क्लबकडून वर्षानुवर्षं खेळलेला. तीन सामन्यांपुरता हाती आलेला संघ, आणि वर प्रश्न: लोबेरांना का काढलं? त्यानं कुठं काढलं होतं?

मिरांडानं तिन्ही सामने जिंकून दिले. जमशेदपूरला 5-0 हरवून गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण 6-5 असा हरला. पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीत, त्यांच्यामागोमाग मंदार राव देसाई, बुमूस, जाहू, फॉल हे खेळाडूही तिकडेच. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. उपांत्य फेरीत मुंबईनं बांबोळीच्या मैदानावर गोव्यालाच पेनल्टींवर 6-5 असं बाहेर काढलं आणि 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यावर चषक उचलला. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा सकाळ होती. ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी ते रिकामे स्टँड बघत होतो. मी ज्या बाजूला बसायचो ती बाजूही दिसली.

यावरून काढणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. मिरांडाचे तीन विजय एका बाजूला, मुंबईचा चषक दुसऱ्या बाजूला. ज्याला जे सिद्ध करायचं असेल त्यानं ते करावं. निर्णय घ्यायचा हक्क त्यांचा. माझं भांडण वेगळं आहे: निर्णय ज्यानं घेतला त्याच्या तोंडून तो ऐकायला मिळावा.

हे मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही, आमच्या गावच्या पसऱ्यावर शिकलो. पसरो म्हणजे किराण्याचं दुकान. आमच्या गावाचा फुटबॉल संघ भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात खेळायचा. गोलचे खांब बांबूचे, शेताच्या मधोमध बांध, त्यावरून चेंडू उडाला की कुणालाच ठाऊक नसायचं कुठं जाईल. क्लबचे अध्यक्ष म्हणजे हे पसरकार. एका वर्षी आंतरगाव स्पर्धेच्या चार दिवस आधी त्यांनी कोचला काढलं. संध्याकाळी दुकानापुढे तीसेक माणसं जमली. मी आईनं सांगितलेली अर्धा किलो साखर घ्यायला गेलो होतो आणि तासभर तिथंच अडकलो, कारण अध्यक्ष एका हातात तागडी धरून उत्तरं देत होते. कुणी विचारलं, तुमच्या भाच्याला बाहेर बसवला म्हणून काढलात का? ते चिडले. तागडी आदळली, साखर सांडली. मग शांत झाले आणि म्हणाले, "त्याला आणला मी, काढलाही मी. माझी चूक आणण्यात झाली."

लोकांना ते पटलं असं नाही. भाच्याचा विषय पुढे दोन वर्षं निघत राहिला. पण नव्या कोचला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्यानं यायचं, सराव घ्यायचा, जायचं. मला साखर थोडी कमीच मिळाली, हे घरी आल्यावर आईच्या लक्षात आलं.

याच्या उलटं दृश्य मी इथं पाहिलं, आणि त्यात मी प्रेक्षक नव्हतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथं एका सकाळी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. वरचे एक साहेब, कॅमेरा बंद ठेवून, लिहिलेलं वाचत होते. अकरा मिनिटं. प्रश्न टाइप करायची जागा आधीच बंद केलेली. आमच्यातले बरेच जण त्या दिवशी गेले, मी वाचलो. माझी टीम लीड, जिला आमच्याइतकंच माहीत होतं, ती पुढचे तीन आठवडे उत्तरं देत फिरत होती. का काढलं, अजून काढणार का, आमचं काय. तिच्या टेबलावर एक पिवळी वही होती, त्यात ती विचारणाऱ्यांची नावं लिहायची. कारण कळलं की सांगेन, म्हणायची. वही भरत गेली. साहेब पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका परिषदेत 'नेतृत्व' या विषयावर बोलायला गेले.

वरचा गप्प बसला म्हणून प्रश्न विरून जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि जो सगळ्यांत खाली उभा असतो त्याच्या पायाशी साचतो. मिरांडा काय, आमची टीम लीड काय. 2021 च्या डिसेंबरात विराट कोहलीचं एकदिवसीय कर्णधारपद गेल्याचं कसोटी संघाच्या प्रसिद्धिपत्रकातल्या एका ओळीतून कळलं. क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष गांगुली यांनी सांगितलं की टी-ट्वेंटीचं कर्णधारपद सोडू नको असं आम्ही त्याला म्हटलं होतं. आठवड्याभरात कोहली पत्रकारांसमोर म्हणाला, मला असं कुणीच म्हटलं नाही, आणि एकदिवसीयचं निवड समितीच्या बैठकीच्या दीड तास आधी कळलं. देशभर महिनाभर कोण खरं कोण खोटं हेच चाललं. जून 2024 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅकना काढलं, तर पत्रकार परिषद घेतली ती काढलेल्या स्टिमॅकनी. महासंघाचं उत्तर लेखी आलं.

मित्राचं म्हणणं मात्र मला सहज उडवून लावता येत नाही. तो म्हणतो, क्लब त्यांचा, पैसा त्यांचा, तोटाही त्यांचाच. "तुका कितें पडलां?" 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो हे गोव्याचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा डेंपोसारखा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता क्लब बाहेर गेला म्हणून आपण हळहळलो; पण इतकी वर्षं खिशातून पैसे घातले कुणी? शिवाय काढलेल्या माणसाचीही अब्रू असते. सगळं उघड बोलायचं तर त्याची धिंडच निघायची. आणि करारात बहुतेकदा एकमेकांविरुद्ध बोलायचं नाही असं कलम असतं.

खरं आहे. म्हणून त्याच्या खासगी भानगडी, ड्रेसिंग रूममधली भांडणं हे विचारूच नये, विचारलं तर सांगू नये. मला अध्यक्षाच्या तोंडून फक्त त्याच्या स्वतःच्या निर्णयाबद्दल ऐकायचंय. पैशाबद्दल म्हणाल तर तिकीट मीही काढलं होतं. माझ्या बापानं डेंपोच्या सामन्यासाठी अर्ध्या दिवसाचा पगार बुडवलेला मी पाहिलाय.

त्याचा आणखी एक मुद्दा मला जास्त बोचला. विचारणार कोण? आपलं राज्य इवलंसं. डेंपो उद्योगसमूहाकडे फुटबॉल क्लब, त्यांच्याकडेच 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा'. कुणाबद्दल काही वाईट सुचवायचं नाही. त्या दैनिकांनी गोव्याचा फुटबॉल जितका छापला तितका कुणी छापला नसेल. पण वार्ताहर आणि अध्यक्ष एकाच लग्नात जेवायला बसणार, हे आहेच. मी त्याला सांगितलं, इथंही तेच. निक्स आणि निक्सचे सामने दाखवणारी वाहिनी, दोन्ही जेम्स डोलन यांच्याच ताब्यात. न्यूयॉर्क एवढं अवाढव्य, पण या बाबतीत फोंड्याएवढंच.

फरक इतकाच की इथले बाकीचे वार्ताहर 'अध्यक्ष आजही बोलले नाहीत' ही सुद्धा बातमी म्हणून छापतात, दर थोड्या दिवसांनी, कंटाळा न करता. गोव्यात असं मी वाचल्याचं आठवत नाही. आपण निवेदन छापतो आणि पान उलटतो.

जुलै 2025 मध्ये तर आयएसएलचा, म्हणजे एफसी गोवा खेळते त्या इंडियन सुपर लीगचा, हंगामच थांबवला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. प्रशिक्षक, खेळाडू, मैदानावरचा माळी, सगळेच एकदम टांगणीला. तेव्हा मित्राचा फोन आला, तर तो चिडलेलाही नव्हता. मला ते जास्त लागलं.

परवा त्यानं मला विचारलं, "समज, तो तुझा रोझ तुझ्यापुढे आणून बसवला. काय विचारशील?"

म्हटलं, एकच. 2024 च्या जुलैत याच थिबोडोंचा करार तीन वर्षांनी वाढवला होता. अकरा महिन्यांत काय बदललं?

"आणि आमच्या लोकांना?"

तीनच सामने उरले होते, थांबता आलं नसतं का?

"आणि ते म्हणाले, 'काही बोलायचं नाही', तर?"

"तर ते खुर्चीवर बसून म्हणू दे. कागदावर नको."

तो काहीतरी बोलणार होता, पण पलीकडून पदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू आला. "थांब, पाव घेतो," म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून खाली गेला. मी कानाला लावून बसलो. चार पोळे, दोन उंडे, सुट्ट्या पैशांवरून थोडी घासाघीस.